मले वास पायजे, मिरची नको

नागपुरात कळमन्याच्या मिरची बाजारात एका अडत्याकडे मी एकोणीस वर्षांपासून हिशेब लिहिते. जानेवारी ते एप्रिल आमची सुगी. भिवापूर, उमरेड, कुही, मौदा या बाजूच्या गाड्या येतात, तेलंगणाच्या येतात, पोती उतरतात आणि आम्ही नाकाला रुमाल बांधून दिवसभर शिंकत असतो. पहिल्या वर्षी वाटलं होतं, यातच मरणार. आता नवीन पोरगा कामावर आला की त्याच्या पहिल्या ठसक्यावरून सांगते, टिकेल का पळेल. तेजा, ब्याडगी, फटकी, देठाची, बिनदेठाची, कुणाचाही भाव मला झोपेतून उठवून विचारा.

अशा बाईच्या नंदनवन वस्तीतल्या घराच्या गच्चीवर बिनतिखट मिरच्यांच्या बावीस कुंड्या आहेत. दुकानात हे कळलं तेव्हा शेठ म्हणाले, "मॅडम, हलवायाच्या घरी शुगर-फ्री!" हसू द्या. कारण सांगते.

कारण म्हणजे सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर, माहेर भिवापूर तालुक्यातलं. लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं त्या सातऱ्यावर जायच्या. बाहेरच्यांसाठी सांगते, सातरा म्हणजे मिरचीचे देठ खुडायची जागा. समोर लाल ढीग, बाया रांगेनं बसलेल्या, किलोवर मजुरी. दिवसभर खुडून हात असे पोळायचे की रात्री पोरांना हात लावायची सोय नाही. पाण्यानं ती आग हटत नाही, तेल चोळलं की उतरते, हे त्यांना तेव्हापासून माहीत. कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाहीच, हे मी खूप नंतर वाचलं. तर अशी बाई. जेवणात ठेचा नसेल तर "आज काही जेवणच नाही झालं" म्हणणारी. आमच्या यांना सावजीचा रस्सा खाऊन घाम फुटायचा आणि सासूबाई शांतपणे विचारायच्या, "तिखट विसरले का घालाले?"

चार वर्षांपूर्वी त्यांच्या गालांच्या आतून पांढरट जाळी उमटली. आधी वाटलं, उष्णता असेल, जिरं-खडीसाखर देऊन बघितली. मग दाताच्या डॉक्टरकडे नेलं, त्यांनी पुढे पाठवलं, तपासणीत लायकेन प्लॅनस निघालं. एकाचं दुसऱ्याला लागत नाही, पण तिखट, आंबट, खरखरीत काही टेकलं की तोंडात नुसती आग. डॉक्टर म्हणाले, मिरची बंद. सासूबाईंनी विचारलं, "आन् मिरे?" ते म्हणाले, मिरे पण बंद.

पुढचे सहा महिने घरात वरण-भात, दूध-पोळी, पिवळी खिचडी. त्या कुरकुर करत नव्हत्या, ते जास्त लागायचं. एक दिवस मी फोडणी घालत होते तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हटलं, काय पाहिजे आई? तर म्हणाल्या, "काही नाही वो. मले तिखट नाही पायजे. वास पायजे. मिरची नको, मिरचीचा वास."

मला आधी ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं. रात्री विचार करता करता लक्षात आलं की बाई शंभर टक्के बरोबर बोलून गेल्या. तिखटाला वास नसतोच. शुद्ध कॅप्सेसिनला ना वास ना चव, ते फक्त जाळतं. हिरवी मिरची मोडल्यावर जो वास येतो तो पायराझिन नावाच्या वेगळ्याच रसायनाचा, आणि ते इतकं जबर की पाण्यात नावाला जरी असलं तरी माणसाच्या नाकाला कळतं. ढोबळी मिरचीत कॅप्सेसिन शून्य, पायराझिन भरपूर. म्हणजे वास एका खात्यात आणि जाळ दुसऱ्या खात्यात. दोन्ही खाती आपण आजवर एकाच पानावर मांडत होतो. हिशेबनिसाला हे खटकायलाच पाहिजे होतं.

तर एक नवीन रजिस्टर घातलं. रकाने आखले: जात, बी कधी टाकलं, पहिलं फळ कधी, एकूण फळं, आणि शेवटचा मोठा रकाना 'आईंचा शेरा'. १९१२ साली विल्बर स्कोव्हिल नावाच्या अमेरिकन औषधशास्त्रज्ञानं तिखटपणा मोजायची रीत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा, चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत. किती पट पातळ करावं लागलं, तो आकडा. आमच्या घरचं चाखणारं मंडळ एका माणसाचं, पण त्याहून नाजूक मोजमाप कुठे मिळणार! बोटाच्या पेराएवढा तुकडा, आधी माझ्या तोंडात, मला काहीच लागलं नाही तर त्यांच्या.

पहिली अर्थातच शिमला, म्हणजे ढोबळी. रोपं सेमिनरी हिल्सकडच्या एका रोपवाटिकेतून आणली. जात कॅलिफोर्निया वंडर सांगितली होती. त्या पहिल्या वर्षी मी ती चक्क फेब्रुवारीत लावली, ती माझी अक्कल. मार्चअखेर नागपूरनं आपला रंग दाखवला. फुलं आली की गळायची. दिवसा पारा पस्तिशीच्या वर गेला आणि रात्रीही उकाडा राहिला की मिरची फूल धरत नाही, झाड नुसतं पानांचं. जी पाच फळं लागली त्यातल्या दोघांवर उन्हानं पोळून कागदासारखे पांढरे चट्टे पडले आणि एकाचं बूड काळं पडलं. बूड काळं पडतं ते फळाला कॅल्शियम न पोचल्यानं, आणि ते पोचत नाही पाणी एक दिवस भरपूर, एक दिवस विसरलं असं केल्यानं. मातीत कॅल्शियम असून उपयोग नसतो. उरलेल्या दोन फळांचा शेरा: "वास हाय. चव पाण्याची." पुढे ऑक्टोबरात लावल्यावर फळं बरी आली, पण शेरा तोच राहिला. खरं सांगायचं तर ढोबळी बाजारातूनच आणावी. चार कुंड्या अडवून ठेवण्याएवढं ती देत नाही.

भावनगरी सगळ्यांना माहीत आहे, भज्यांची ती जाड, पोपटी मिरची. कुंडीत इतकी सोपी मिरची दुसरी नाही, लावणारा नवखा असेल तर त्यानं हीच लावावी. दोन झाडांना दिवाळी ते संक्रांत साठ-सत्तर मिरच्या आल्या. पण तिचा एक स्वभाव आहे, झाडाचे हाल झाले की ती तिखट होते. हे सगळ्याच मिरच्यांचं थोडंफार आहे, ऊन आणि तहान वाढली की तिखटही वाढतं, पण भावनगरीनं मला ते शिकवलं. एका लग्नाला चंद्रपूरला तीन दिवस गेलो, शेजारच्या पोराला पाणी घालायला सांगितलं होतं, त्यानं घातलं नाही. परत आल्यावर माना टाकलेली झाडं पाण्यानं उठली खरी, पण नंतरच्या आठवड्यातल्या मिरच्या मलाच झोंबल्या. सासूबाईंपर्यंत गेल्याच नाहीत. एरवीचा शेरा: "भज्याची हाय, ठेच्याची नाही." जाड साल, आत पोकळी, वास सौम्य. पोटात बेसन-ओवा भरून वाफवून दिली तर मात्र आवडीनं खाल्ली.

पाण्याचं निघालंच आहे तर कूलरचं सांगते. नागपुरात एप्रिल-मेमध्ये प्रत्येक घरी कूलर, आणि त्याच्या टाकीतलं पाणी आठवड्यानं बदलायचं. ते फेकून देण्यापेक्षा झाडांना घातलं, मोठं शहाणपण केल्यासारखं वाटलं. महिन्याभरात पानांच्या कडा जळाल्या. पाणी उडून जातं, क्षार टाकीतच साठत जातात, बोअरचं पाणी असेल तर विचारूच नका. कूलरचं पाणी गच्ची धुवायला वापरा, मिरचीला नको.

ब्याडगीचं बी मला फुकट. दुकानात पोत्याच्या तळाशी पडलेलं. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली ही मिरची, २०११ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. व्यापारात तिचे दोन प्रकार, डब्बी आणि कड्डी. डब्बी आखूड, जाड, सुरकुतलेली, रंग जास्त. कड्डी लांब, बारीक. बाजारात 'काश्मिरी' म्हणून जे लाल तिखट घेता त्यातलं पुष्कळसं ब्याडगीच असतं, हे आमच्या धंद्यात कुणाला नवीन नाही. मी डब्बीचं म्हणून बी टाकलं आणि निघाली मिसळ, काही झाडं आखूड फळांची, काही लांब. पोत्यातलं बी म्हटल्यावर तक्रार कुणाकडे करणार!

लोक ब्याडगीला सौम्य म्हणतात ते जहाल तेजाच्या तुलनेत. सासूबाईंच्या जिभेला ती सौम्य नव्हती. पण एक युक्ती जमली. झाडावरच लालभडक पिकू द्यायची, ओली असतानाच उभी चिरायची, आतली पांढरी शीर आणि बी चमच्यानं पूर्ण खरवडून काढायचं. तिखट असतं ते त्या पांढऱ्या शिरेत, बियांना ते नुसतं लागलेलं असतं. सगळे बी काढतात आणि शीर तशीच ठेवतात, म्हणून "बी काढूनही तिखटच लागली" म्हणतात. उरलेली लाल साल गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून वाटली की गडद लाल गंध तयार. त्या गंधाची आलू-वांग्याची भाजी केली त्या दिवशीचा शेरा चवीबद्दल नाहीच. "भाजी लाल दिसली," एवढंच. दीड वर्ष पिवळं-पांढरं खाल्लेल्या माणसाला ताटात लाल दिसणं काय असतं, ते त्या दिवशी मला कळलं.

मग बाहेरच्या जातींचा नाद लागला. मुलगा पुण्याला असतो, त्यानं ऑनलाइन बी मागवून दिलं. दहा बियांची पुडी आणि भाव असा की मी शेठना सांगितलं असतं तर त्यांनी मिरची सोडून बियांचा धंदा सुरू केला असता.

पहिली पाद्रोन. स्पेनच्या गॅलिसिया भागातली लहान हिरवी मिरची, तेलावर परतून वर मीठ घालून खातात. तिकडे म्हणच आहे की काही झोंबतात, काही नाही. साधारण दहांत एखादी तिखट निघते म्हणतात, त्याचीच गंमत. मी ही गंमत वाचून सोडून दिली होती. ऑक्टोबर हीट चालू, झाडं कडक उन्हात, त्यात आपल्याला मिरची बोटभर झाल्याशिवाय तोडायची सवय नाही. पाद्रोन दोन इंचांच्या आतच तोडावी लागते, मोठी झाली की तिखट चढतं. माझ्या हिशेबानं आमच्याकडे तीनांत एक तिखट होती. मी एक चाखली, गोड लागली. त्याच ताटलीतली दुसरी सासूबाईंना दिली. पुढचा अर्धा तास दूध, तूप, थंड साय, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी. मी रडकुंडीला आले. त्या तेवढ्यातूनही म्हणाल्या, "होती वो मिरची. चांगली होती." रजिस्टरात पाद्रोनसमोर मी लाल शाईनं आडवी रेघ मारली. ज्या घरात सगळे धडधाकट आहेत त्यांनी अवश्य लावावी, पाहुण्यांसमोर ठेवावी, मजा येईल.

पाद्रोनची सौम्य जपानी बहीण म्हणजे शिशितो. टोक सिंहाच्या तोंडासारखं दिसतं म्हणून शिशी, सिंह. पातळ सालीची, बोटभर, अंगावर सुरकुत्या. हिला नागपूर मानवलं. बारा इंची कुंडीत एका झाडाला मी मोजून १४० पर्यंत लिहिलं, मग मोजणं सोडलं. हिच्यातही क्वचित एखादी झोंबणारी निघते, पण ते झोंबणंही आपल्या हिशेबात न धरण्यासारखं. तव्यावर थेंबभर तेलात काळे डाग पडेपर्यंत परतायची, मीठ, बस. वास हिरवा, थोडा गवतासारखा, थोडा भाजलेल्या वाटाण्यासारखा. सासूबाईंचा शेरा: "तोंडी लावाले चांगली. ठेचली तं काही राहात नाही." बरोबर आहे, सालच पातळ, ठेचल्यावर हाती चोथा येतो. तरी दह्यात भिजवून वाळवलेल्या शिशितोच्या मिरच्या गेल्या हिवाळ्यात केल्या, तळून खिचडीसोबत दिल्या आणि कुरकुरीत म्हणून चावायला नको तर कुस्करून दिल्या. तेवढ्यानं खिचडी संपली.

केळ मिरची, तिलाच बनाना पेपर म्हणतात, तीही लावली. पिवळी दिसते छान. विनेगरच्या बरणीत शोभते. बाकी काही लिहिण्यासारखं नाही, शेऱ्याच्या रकान्यात सासूबाईंनी फक्त "हूं" केलं होतं आणि मी तेच लिहून ठेवलं आहे.

आता त्या मिरचीचं सांगते जिच्यावर माझी सगळी भिस्त होती. हबानेरो ही जहाल मिरची, आणि तिचा वास फळासारखा, गोड. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या मायकेल माझुरेक यांनी निवड करत करत तिचं बिनतिखट रूप तयार केलं, नाव ठेवलं हबानादा. स्पॅनिशमध्ये 'नादा' म्हणजे 'काही नाही'. तिखट काही नाही, वास तेवढा तसाच. व्हेनेझुएलाकडची अजी दुल्से त्याच गोत्रातली, अर्थ 'गोड मिरची'. वर्गवारीत या आपल्या ईशान्येकडच्या भूत जोलकियाच्या घरातल्या. दहा लाख स्कोव्हिलच्या पुढे गेलेल्या मिरचीची ही गरीब गाय बहीण! मला वाटलं, हेच ते. वास आहे, तिखट नाही, सासूबाईंनी तोंडानं मागितलं तसंच.

बी उगवायलाच तेवीस दिवस. झाड रांगतं. सात महिन्यांनी पहिली केशरी, सुरकुतलेली हबानादा पिकली. चिरली तर सगळ्या स्वयंपाकघरात वास पसरला, पिकल्या फणसाचा, थोडा पेरूचा. मी हरखून गेले. सासूबाईंनी हुंगलं, तोंडात धरलं, हलकेच चावलं, आणि माझ्याकडे अशा बघितल्या जशा त्या खोट्या नोटेकडे बघतात. "ह्याच्यात फणस कोणं घातला?"

"आई, वास आहे ना पण?"

"वास हाय. मिरचीचा नाही."

संपलं. झाडं मी ठेवली आहेत, मला स्वतःला आवडतात, कच्च्या कोशिंबिरीत बारीक चिरून घालते. पण जिच्यासाठी केलं तिला ती मिरचीच वाटली नाही. तिच्यासाठी मिरचीचा वास म्हणजे सातऱ्याचा आणि तव्याचा वास.

पोब्लानो आमच्या घरी दुसऱ्या खेपेत आली. पहिल्या वेळी ज्या विक्रेत्याकडून बी घेतलं त्याच्या पुडीवर चित्र गडद हिरव्या, हृदयाच्या आकाराच्या रुंद मिरचीचं होतं आणि झाडाला लागली बारीक, वाकडी, बाजारातल्या ज्वाला मिरचीसारखी. चार महिने पाणी घालून ज्वाला! ती पाच रुपयाला पावभर मिळायची तेव्हापासून मी लिहिते आहे. पैसे परत मागितले तर उत्तर आलं, "हवामानामुळे आकार बदलतो." हवामानानं आकार बदलत असता तर मी आतापर्यंत बारीक झाले असते.

दुसऱ्या वर्षी दुसरीकडून घेतलं आणि खरी निघाली. मेक्सिकोतल्या पुएब्ला राज्यातली म्हणून पोब्लानो, वाळवली की तिलाच आंचो म्हणतात. तिखट हजार-दीड हजार स्कोव्हिलच्या आसपास, तेही बहुतेक शिरेत. झाड मोठं, कमरेएवढं वाढतं, सोळा इंचांची कुंडी आणि बांबूचा आधार लागतो. फळ कमी. दोन झाडांना मिळून हिवाळाभर एकवीस. कच्ची खाल्ली तर साल चिवट आणि चव कडवट, मी पहिली चाखून तोंड वाकडं केलं होतं. हिला भाजावंच लागतं.

गॅसवर थेट जाळात धरून साल पूर्ण काळी केली. स्टीलच्या डब्यात झाकून दहा मिनिटं ठेवली, वाफेनं साल सुटली. बोटांनी सोलली, पाण्याखाली नाही, पाण्यानं भाजका वास वाहून जातो. शीर आणि बी काढून टाकलं. लोखंडी तव्यात जवसाचं तेल, जिरं, लसूण चांगला मऊ होईपर्यंत, कारण कच्चा लसूणही त्यांना लागतो. दाणे भाजून, सालं काढून. मग सगळं तव्यातच, जसं त्या करायच्या तसं, लोट्याच्या बुडानं रगडलं. वरून सांबार. पुण्याच्या सूनबाई वाचत असतील तर सांगते, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीसोबतचं नव्हे.

मी रगडत होते तेव्हाच त्या काठी टेकत आल्या. मी बोलावलं नव्हतं. ज्वारीची भाकर दुधात न कुस्करता, मऊ पोपडा तेवढा काढून, त्यावर ठेचा लावून दिला. आधी जिभेच्या टोकावर. थांबल्या. मग घास. मी दुधाची वाटी हातात धरून उभी. दुसरा घास त्यांनी स्वतः लावला. त्या दिवशीचा शेरा रजिस्टरात सगळ्यात आखूड आहे: "हे मिरची हाय."

तेव्हापासून ठरलं. ठेच्याला पोब्लानो, रंगाला ब्याडगी, तोंडी लावायला शिशितो, भज्यांना भावनगरी. त्यांचं तोंड चांगलं असेल तेव्हाच हे सगळं. जाळी भडकलेली असली की काहीच नाही, पुन्हा पिवळी खिचडी.

आता नागपुरात लावायचं कसं, यावर लोक विचारतात म्हणून थोडं. आमच्या काळ्या मातीवर शेतात सोनं पिकत असेल, कुंडीत ती दगड होते, पावसात चिखल. एक भाग लाल किंवा पोयट्याची माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड. पोब्लानो आणि हबानादा उशिरा धरतात म्हणून त्यांचं बी जूनच्या शेवटी, घरात, ट्रेमध्ये, पावसाचा मारा लागू न देता. शिशितो, भावनगरी जुलै-ऑगस्ट. सगळ्यांची खरी मजा दिवाळी ते होळी. होळीनंतर जो फळांची आशा धरतो तो नागपूरचा नाही. मिरची हे मुळात वर्षानुवर्षं जगणारं झाड, म्हणून एप्रिलमध्ये मी चांगली झाडं अर्ध्यावर छाटते, हिरव्या नेटखाली भिंतीच्या सावलीला ढकलते, कुंड्या स्लॅबवर न ठेवता विटांवर ठेवते, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी. तीनातली दोन जगतात आणि जुलैत नव्या रोपांच्या कितीतरी पुढे असतात.

कीड म्हणाल तर चुरडा-मुरडा. पानं वर वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी. दोघांवर उपाय वेगळे, म्हणून आधी पान उलटून बघा. २०२१ साली तेलंगण-आंध्रात नव्या जातीच्या फुलकिड्यांनी मिरचीचे मळे बसवले होते, त्या साली आमच्या वह्यांमध्येही ते दिसलं. गच्चीवर मी निळे चिकट सापळे लावते आणि दर आठवड्याला निंबोळी अर्क. फार चुरडलेलं झाड उपटून टाकते, जीव लावत नाही.

समोरच्या घरचे काका रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांना माझ्या गच्चीवर बारीक लक्ष. एकदा म्हणाले, "वहिनी, ढोबळीजवळ तिखट मिरची लावली का ढोबळी तिखट होते, माहीत आहे ना?" हे पुष्कळ लोक मानतात. मी म्हटलं, काका, तुमच्या हापूसशेजारी रायवळ आहे, म्हणून यंदाचा हापूस रायवळ झाला का? नाही. पण त्याची कोय लावली तर काय निघेल? मिरचीचं तेच. यंदाचं फळ आईच्या गुणाचं, मधमाशीनं शेजारचा पराग आणला असेल तर तो बियांत उतरतो, पुढच्या वर्षी दिसतो. काका गप्प बसले. मी मात्र स्वतःचंच ऐकलं नाही. पहिल्या वर्षी शिशितोचं बी घरचं धरलं, आणि दुसऱ्या वर्षी त्या बियांच्या सहा झाडांपैकी दोघांना अशी मिरची लागली की आमचे हे सावजीवाले, तेही दूध मागायला लागले.

बाप कोण, ते मला लगेच कळलं. गच्चीच्या दक्षिणेच्या कोपऱ्यात एक कुंडी आहे, ती यादीत नाही. तिखट भिवापुरी मिरचीची. सासूबाईंनी माहेरून भाच्याकडून बी मागवलं होतं, माझ्या नकळत. फळं कुणी खात नाही, मी दुकानातल्या पोरांना वाटून टाकते. पण सकाळी ऊन अंगावर घ्यायला त्या गच्चीवर येतात तेव्हा एक हिरवी मिरची मोडतात, नाकाजवळ धरतात, ठसका लागला की हसतात, आणि साबणानं हात धुतात. कुंडी खाली न्या म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

म्हणून यंदा उपाय दुसऱ्या बाजूनं. पोब्लानो आणि शिशितोच्या ज्या फांद्या बियांसाठी ठेवायच्या, त्यांच्या कळ्या उमलायच्या आधीच मलमलच्या पिशवीत बांधायच्या. आत वारा जातो, माशी जात नाही, आणि मिरचीचं फूल स्वतःच्याच परागानं फळ धरतं. फळ धरलं की पिशवी काढायची, देठाला लाल दोरा बांधायचा. पिशव्या सासूबाईंनी शिवल्या, सासऱ्यांच्या जुन्या धोतराच्या. बारा सांगितल्या होत्या, चौदा शिवल्या. दोन कशाला, विचारलं तर म्हणाल्या, "माह्या भिवापुरीले. तुह्या त्या पांचट मिरच्यायचा पराग लागून तिचं बी खराब होईन का नाही?"